सहावी ते दहावीच्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून: नव्या शिक्षकांसाठी जून ते मे

मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी ती महिन्यातले तीन-चार दिवस येत नाही. मग सहामाहीला गणित आणि इंग्रजीत मागे पडते. दिवाळीची सुट्टी संपली तरी तिची जागा रिकामी राहते आणि उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका येते. यातली प्रत्येक पायरी सगळ्यांत आधी वर्गशिक्षकाला दिसू शकते, कारण हजेरीपट त्याच्या हातात असतो. पत्रिका छापून झाल्यावर हातात फार थोडं उरतं. त्याआधीच्या दहा महिन्यांत मात्र पुष्कळ करता येतं.

मराठवाड्यातला ऊसतोडीचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितेय. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या शाळेत महिने थोडे मागेपुढे होतील, पण कामं बहुतेक हीच. मुलींचं आरोग्य हे दवाखान्याचं काम आणि अभ्यास तेवढा आपला, अशी वाटणी करू नका. जिचं रक्त कमी आहे ती चौथ्या तासाला डुलकी घेते आणि आपण तिला आळशी ठरवतो.

जून: प्रत्येक मुलीसाठी एक पान

एक साधी वही घ्या आणि सहावीपासून पुढच्या प्रत्येक मुलीला एक पान द्या. ती कोणत्या वस्तीवरून येते, किती अंतर आहे, चालत की एसटीने, घरी कोण कोण आहे, आईवडील तोडीला जातात का, धाकटी भावंडं किती, एवढं लिहा. फळा नीट दिसतो का, काही आजार आहे का, मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात गैरहजेरी जास्त होती, हेही टिपा. आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: मोठी बहीण कितवीपर्यंत शिकली आणि तिचं लग्न कोणत्या वर्षी झालं? बहीण सोळाव्या वर्षी उजवली गेली असेल, तर धाकटीच्या बाबतीत आठवी-नववीतच घरात बोलणं सुरू होतं. ही वही कुलपात ठेवा. तिच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या कुठल्याही गटावर जाता कामा नये. पाळीच्या तारखा तर यात मुळीच लिहू नका.

हजेरीपटात गैरहजेरीपुढे कारण पेन्सिलीने लिहायची सवय लावून घ्या. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. दर महिन्याला सलग तीन-चार दिवस खाडा म्हणजे पाळीचा त्रास किंवा शौचालयाची अडचण. बाजाराच्या दिवशी खाडा म्हणजे घरी लहान भावंडाला सांभाळायला कुणी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी मजुरीसाठी असते. आणि जी मुलगी अचानक, काही कारण न सांगता येणं बंद करते, तिच्या घरी त्याच आठवड्यात जा.

प्रवासाचं काम जूनमध्येच उरका. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बस असतात, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. पास काढून दिला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. बसची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ यांत दीड तासाचं अंतर असेल, तर मुलगी तेवढा वेळ फाट्यावर उभी राहते. ते वडिलांच्या कानावर गेलं की पुढच्या महिन्यात शाळा बंद. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन आगारप्रमुखांना स्वतः भेटा. वेळ बदलून मिळते; मात्र दोन-तीन हेलपाटे घालावे लागतात.

जुलै: शौचालय आणि पाळी

मुलींच्या शौचालयात शाळा सुटल्यावर एकदा स्वतः जाऊन पाहा. पुरुष शिक्षक असाल तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंना किंवा एखाद्या आईला सोबत घ्या. आतली कडी लागते का? बादलीत पाणी आहे का, की ते हापशावरून सगळ्यांसमोरून न्यावं लागतं? ओढणी किंवा पिशवी अडकवायला खुंटी आहे का? झाकणाचा डबा आहे का आणि तो रिकामा कोण करतं? कडी आणि खुंटी शंभर-दोनशे रुपयांत होते. त्यासाठी प्रस्ताव पाठवत बसू नका. पाण्याची टाकी किंवा नवीन बांधकाम हवं असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या स्त्रियांना बैठकीआधी हे शौचालय दाखवा. मग तुम्हाला फार बोलावं लागत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक भाग ग्रामपंचायतीला पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो, हेही तिथे सांगा.

पाळीबद्दल मुलींशी पाचवी-सहावीतच बोलायला हवं, पहिली पाळी येण्याआधी. आठवीत बोलून उपयोग कमी, कारण तोवर मैत्रिणी, चुलत्या आणि मोबाइल यांनी सगळं सांगून झालेलं असतं, आणि त्यातलं निम्मं भीती घालणारं असतं. शाळेत बाई नसतील तर उपकेंद्राच्या सिस्टरना किंवा आशाताईंना बोलवा. सरांनी त्या दिवशी गायब होऊ नये. सुरुवातीला उभं राहून दोन वाक्यं सांगावीत की हा शरीराचा अभ्यास आहे आणि अडचण आली तर मलाही सांगता येईल. मुलींना त्या दोन वाक्यांचा फार आधार वाटतो. मुलांनाही वेगळं बसवून हेच सांगा. डाग दिसला म्हणून हसणारा मुलगा बहुतेक वेळा अजाण असतो. एकदा समजावलं की बहुतेकांचं हसणं थांबतं.

काय सांगायचं? पॅड किंवा कापड दर चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड चालतं, पण ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं हवं. माळ्यावर किंवा दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेलं दमट कापड खाज आणि संसर्ग आणतं. त्या दिवसांत आंघोळ करायची, पोटभर जेवायचं, खेळावंसं वाटलं तर खेळायचं. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, आठवड्याहून जास्त दिवस रक्त जात असेल, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर दवाखान्यात न्यायला हवं. ‘सगळ्याच बायकांना दुखतं’ म्हणून मुलीला घरी बसवू नका. बहुतेक मुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने आराम पडतो आणि त्या वर्गात बसू शकतात.

पॅड कुठे ठेवता हे पॅड असण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेलं पॅड कोणीही मागत नाही. शौचालयात, खुंटीवरच्या पिशवीत चार पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा आणि दर सोमवारी मोजून पुन्हा भरा. सुरुवातीला एखादी मुलगी चारही घरी नेईल. नेऊ द्या, तिला त्यांची गरज असते.

जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रं असतात, तिथे समुपदेशक बसतात. आपल्या जवळचं केंद्र कोणत्या वारी चालू असतं ते आधी स्वतः जाऊन बघा आणि मगच मुलींना सांगा.

ऑगस्ट: रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, आणि ८ च्या खाली असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.

दर आठवड्याला शाळेत मिळणारी निळी गोळी यासाठीच असते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. गोळ्या येतात, वाटल्या जातात, आणि बऱ्याच शाळेमागच्या नालीत सापडतात. कारण साधं आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, एकीला उलटी झाली की सगळ्या वर्गाच्या पोटात ढवळतं, आणि संध्याकाळी पालक शाळेत येतात. म्हणून वार ठरवा आणि मधल्या सुट्टीतल्या खिचडीनंतरच, आपल्यासमोर, पाण्याबरोबर गोळी द्या. शी काळी होते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुली घाबरून बंद करतात. पहिल्या आठवड्यात मुलींसमोर स्वतःही एक घ्या. पालकसभेत गोळीचं पाकीट हातात देऊन दाखवा. जंताची अल्बेंडाझोलची गोळी वर्षातून दोनदा, साधारण ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत असते. ती चावून खायची. जंत राहिले तर लोहाच्या गोळीचा फायदा अर्धवटच होतो. आदिवासी भागात किंवा विदर्भात असाल, आणि गोळ्या घेऊनही एखादी मुलगी फिकट दिसत असेल, सांधे दुखतात म्हणत असेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. तिच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खाण्याबद्दल बोलताना ‘बीट खा, सफरचंद खा’ असं सांगण्यात अर्थ नाही. घरात ते येत नाही आणि त्यांत लोहही फारसं नसतं. घरात असतं त्यावर बोला: बाजरीची भाकरी, मटकी-हुलगे, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, चवळी, तीळ, अळीव, आणि खात असतील तर अंडी, मटण, काळीज. वर लिंबू पिळलं की लोह जास्त अंगी लागतं. चहा मात्र जेवणापासून तासभर दूर ठेवायचा. आमच्या भागातल्या मुलींचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि शिळी पोळी. तिथे चहाच्या जागी रात्रीचं वरण किंवा मूठभर शेंगदाणे आले तरी मोठा बदल आहे. घरात शेवटी जेवते ती आई, आणि दहा-बारा वर्षांची झाली की मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसते. तोवर पातेल्यात रस्साच उरलेला असतो. हे मुलीला सांगून बदलत नाही, पालकसभेत बापांना सांगावं लागतं. तिथे न लाजता बोला.

सहावी ते आठवीच्या पोषण आहारात दिवसाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात. नववीला तो आहार बंद होतो, नेमका मुलीची भूक आणि वाढ जोरात असते तेव्हा. नववी-दहावीच्या मुली डबा आणतात का ते बघा. न आणणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत मैत्रिणींपासून लांब, हापशाजवळ दिसतात. यावर आमच्याकडे एक जमलं: गावातल्या बचतगटाकडून आठवड्यातले काही दिवस चिक्की किंवा उसळ. दुसऱ्या गावात दुसरं काही जमेल, पण नववीतली भूक डोळ्याआड करू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते यायच्या आधी आपल्या वहीतून यादी काढून ठेवा: कुणाला फळा दिसत नाही, कुणाचा कान वाहतो, कोण धाप लागते म्हणते. नुसती रांग लावली तर अशा मुली सुटून जातात. पथकाने पुढे पाठवायला सांगितलेली मुलगी खरंच रुग्णालयात गेली का, याचा पाठपुरावा महिनाभराने करा. चष्म्याकडे विशेष लक्ष द्या. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल म्हणून तो घरी लपवून ठेवणारे पालक आहेत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तीही याच वेळी पाहून घ्या.

दसऱ्याआधी: कोयता जाण्याच्या वेळी

ऊसतोड पट्ट्यातल्या शाळेसाठी वर्षातलं सगळ्यांत मोठं काम हेच आहे. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, साखर कारखान्यावर निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. धाकट्यांना सोबत नेतात. प्रश्न असतो तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला नेलं तर उसाच्या फडाजवळच्या कोपीला (झोपडीला) दार नाही, न्हाणी नाही, आणि दिवसभर ती स्वयंपाक करणार, भावंडं सांभाळणार. ठेवलं तर कुणाकडे? एक आई मला म्हणाली होती, “बाई, शिकू नये असं कोण म्हणतं? पण पोरगी वयात आली, म्हातारीच्या भरवशावर सहा महिने कशी टाकू? काही झालं तर तुम्ही येणार का?” तिला शिक्षणाचं महत्त्व पटवून देण्याची गरज नव्हती. तिला मुलगी रात्री कुठे झोपेल हे कळायला हवं होतं. बालविवाहाची कितीतरी बोलणी याच एका प्रश्नातून सुरू होतात.

म्हणून दसऱ्याच्या निदान महिनाभर आधी तोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरी जा, आणि जाताना ठोस सोय घेऊन जा. समग्र शिक्षा अंतर्गत हंगामी वसतिगृहांची सोय आहे. तिचा प्रस्ताव वेळेत जावा म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच केंद्रप्रमुखांच्या मागे लागा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय (मुलींची निवासी शाळा) असेल तर तिथल्या जागा विचारा. पण मुलीला कुठेही पाठवण्याआधी आईला ती जागा दाखवून आणा. रात्री बाई अधीक्षक राहते का, दाराला कडी आहे का, फोन कुणाचा, आजारी पडली तर कोण नेतं, हे आईने स्वतः विचारू द्या. जी आई जागा बघून येते ती मुलीला ठेवते.

आजीकडे राहणार असेल तर शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवा, रेशनकार्ड आजीच्या हाती राहील असं बघा आणि आईवडिलांचा कारखान्यावरचा फोन नंबर वहीत लिहा. दर आठवड्याला शाळेच्या फोनवरून मुलीला आईशी बोलू द्या. आणि एवढं करूनही मुलगी आईवडिलांबरोबर जाणारच असेल, तर तिला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे ते दाखवून तिला तिथल्या शाळेत बसता येतं, कारखान्याच्या गावातल्या शाळेला स्वतः फोन करा आणि पुस्तकं सोबत पाठवा. एप्रिलमध्ये परत आल्यावर ‘इतके दिवस कुठे होतीस’ असं वर्गात विचारू नका. तिला ठाऊक असतं आणि वर्गालाही.

सुरक्षितता

राज्य सरकारच्या २०२२ च्या निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आपल्या शाळेत ती कागदावर आहे की बैठका होतात, ते बघा, आणि समितीतल्या बायकांची नावं मुलींना पाठ असू द्या. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत मदत क्रमांक भिंतीवर रंगवून घ्या. मुलींच्या शौचालयाच्या आतल्या भिंतीवरही, कारण तिथे तो कुणाच्या नजरेशिवाय वाचता येतो.

एखादी मुलगी तुम्हाला काही सांगायला आली, तर शांतपणे ऐका. पुन्हापुन्हा खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि सांगितलंस ते बरं केलंस एवढं जरूर म्हणा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार गुन्हा आहे. मुख्याध्यापक, सरपंच किंवा संस्थाचालक ‘आपसात मिटवू’ म्हणाले तरी ही जबाबदारी तुमच्यावरून जात नाही. मुलीचं नाव स्टाफरूममध्येही घेऊ नका.

डिसेंबर: अभ्यास

इथे थोडक्यात सांगते, कारण शिकवणं तुम्हाला येतं. सातवीतच बघा की मुलगी अपूर्णांक आणि टक्केवारी करते का, इंग्रजीचा परिच्छेद वाचते का. इथली तूट नववीत तिला नापास करते, आणि नापास मुलीला घरी ठेवायला कारण शोधावं लागत नाही. घरी तिला अभ्यासाला तास मिळत नाही: पाणी, भांडी, भाकरी, भावंडं. तो तास शाळेतच द्या, बसच्या वेळेत बसेल असा. आठवीच्या मुलींना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुलीच्या नावावर पैसे येतात ते घर तिला सहजासहजी शाळेतून काढत नाही.

गावातली शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच असेल, तर दाखला हातात देऊन मोकळे होऊ नका. पुढच्या हायस्कूलच्या वर्गशिक्षकांना भेटून मुलींची यादी द्या आणि जुलैमध्ये एकदा फोन करून विचारा, किती जणी आल्या. सगळ्यांत जास्त मुली या दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर हरवतात. जुन्या शाळेला वाटतं त्या नव्या शाळेत गेल्या, आणि नव्या शाळेला त्या होत्या हेच ठाऊक नसतं.

फेब्रुवारी ते मे: लग्नसराई

राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं असल्याचं वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. खुणा ओळखता येतात. मुलीचा स्टुडिओतला नवा फोटो काढला जातो, पाहुणे येणार म्हणून मध्येच रजा लागते, मैत्रिणी कुजबुजतात, मुलगी वर्गात गप्प होते. कुणीतरी जन्मतारखेचा दाखला मागायला येतो.

पहिल्यांदा घरी जाऊन बोला, शक्यतो आजी किंवा मामा अशा घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्याशी. हुंड्याचा भाव वाढेल, चांगलं स्थळ जाईल, ही त्यांची भीती ऐकून घ्या आणि पुढच्या शिक्षणाचा हिशेब मांडा: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि मराठा समाजातल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ऐकलं नाही तर ग्रामसेवकांना कळवा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावपातळीवर तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ते टाळाटाळ करत असतील तर १०९८. खबर देणाऱ्याचं नाव उघड करू नका असं फोनवर स्पष्ट सांगा. लग्न लावणाऱ्यांना, त्यात सामील असणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मंडपवाल्यांना आणि भटजींना आधीच ठाऊक असलेलं बरं. फेब्रुवारीत एकदा त्यांच्याकडे जाऊन या.

थांबलेल्या लग्नानंतरचे दोन आठवडे मुलीसाठी अवघड असतात. घरचा राग तिच्यावर निघतो. त्या दिवसांत ती शाळेत आली पाहिजे, आणि आली नाही तर तुम्ही तिच्या दारात दिसले पाहिजेत. लग्न झालेली मुलगीही शाळेत परत येऊ शकते. तिच्यासाठी वर्गात जागा ठेवा. नियमित येणं शक्यच नसेल तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे; तो भरायचा काळ ठरलेला असतो, म्हणून सासरचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि वेळ आली की स्वतःहून कळवा.

दहावीच्या मुलींचं एक काम नववीच्या मे महिन्यातच सुरू करा: उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला, आणि आधारवरचं नाव व जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवून घेणं. अकरावीच्या प्रवेशाच्या आठवड्यात वडील कामावर असतात, तहसीलमध्ये गर्दी असते, आणि एका अक्षराच्या फरकावर शिष्यवृत्ती अडते. सेतू केंद्रात सगळ्या मुलींना एकाच दिवशी घेऊन जा. जाताना प्रत्येकीचा जन्मदाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आदल्या दिवशीच तपासून ठेवा.